मॉडरेटरच्या कानातला कापूस

कुठलंही काम चार-पाच वर्षं केलं की त्याचे किस्से साठतातच. रिक्षावाल्याकडे पॅसेंजरचे साठतात, लूमवाल्याकडे दोरा तुटल्याचे साठतात. माझ्याकडे कमेंटचे साठलेत. कोणी चहाला आलं की संगीता, म्हणजे माझी बायको, आतूनच सांगते, "अहो, ते मेधाताईंचं सांगा ना." मग सांगावंच लागतं. आज सगळेच सांगून टाकतो. ह्यात मी जळका दिसेन. दिसेन काय, आहेच.

तर आमचा एक ब्लॉग आहे. सुरतेच्या उधना भागातल्या खान्देशी माणसांचा. काढला बोरसे सरांनी. सर इथल्याच मराठी शाळेतून रिटायर झाले आणि घरात बसवेना म्हणून ब्लॉग काढून बसले. मी पर्वत पाटियाच्या साडी मार्केटात कॅटलॉग बनवतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो, एवढ्या एका गुन्ह्यासाठी सरांनी कमेंट तपासायचं काम माझ्या गळ्यात घातलं. वाचकाने कमेंट लिहिली की ती आधी माझ्याकडे येते. मी पास केली तर दिसते. आणि जे काही मशीनला जाहिरात वाटतं, ते मला न विचारताच स्पॅमच्या डब्यात पडतं. त्या डब्यात औषधं, कर्ज, लॉटरी असलाच माल. त्यात कोण हात घालणार?

लिहिणारे आम्ही तिघं. सर, मी आणि दिलीप महाजन. दिल्या आणि मी एकाच गावचे, पारोळ्याकडचे. सुरतेला आलो ते एकत्र, उधन्यात खोली घेतली ती एकत्र. तो आता हजीऱ्याला कंपनीत क्रेन चालवतो. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि हजीरा येईपर्यंत मोबाइलवर अंगठ्याने एक लेख हाणतो. अहिराणीत. परत वाचतसुद्धा नाही. त्याच्या लेखाला साठ-सत्तर कमेंट पडतात.

मी रविवारी आंघोळ करून, टेबल पुसून, शुद्ध मराठीत लिहितो. तीनदा तपासतो. मला शून्य.

आणि त्याच्या त्या साठ-सत्तर एकेक करून पास कोणी करायच्या? मीच की!

*

माझ्या लेखाला पहिली कमेंट आली तो दिवस अजून आठवतो. इंग्रजीत होती. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की तो तीन तास इंटरनेटवर भटकत होता, पण इतका माहितीपूर्ण आणि सुंदर लेख त्याला आजवर सापडला नव्हता. असंच लिहीत राहा म्हणे. माझा लेख आमच्या गावच्या जत्रेवर होता.

मी हवेत. मार्केटात गेलो तर राहवेना. शेठला मोबाइल दाखवला. आमचे शेठ गुजराती, बोलतात कमी. त्यांनी चष्मा वर करून सगळं वाचलं आणि फोन परत दिला.

"अरुणभाई, इसको मराठी आता है क्या?"

घरी येऊन नीट पाहिलं तर लिहिणाऱ्याचं नाव म्हणजे पाण्याच्या टाक्यांची कंपनी होती. बरं, एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. हीच कमेंट, जशीच्या तशी, दिल्याच्या लेखालाही आली होती. म्हणजे खोटं कौतुकसुद्धा माझं एकट्याचं नव्हतं. आणि दिल्याने त्या टाकीवाल्याला उत्तर दिलं होतं, "राम राम भाऊ. तुमनं गाव कोनतं?"

*

सुरतेच्या ब्लॉगला सुरतेचंच स्पॅम येणार. एकदा कोण्या होलसेलवाल्याने माझ्या लेखाखाली साड्यांची जाहिरात चिकटवली. बारा पीसचा सेट, नवीन डिझाइन, फोटो पाहा. आमच्या ब्लॉगवर साडी, लूम, मार्केट हे शब्द इतके असतात की मशीनला ती कमेंट घरचीच वाटली, आणि मीही गडबडीत पास केली. लेख माझ्या आजोबांच्या शेवटच्या आजारपणावर होता.

दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर त्या लेखाखाली चौदा कमेंट. आजोबांनी शेवटी जिंकलं म्हणायचं, असं मनात येतंय तोवर पहिली वाचली. "सिंगल पीस भेटेल का?" दुसरी, "मोरपंखी आहे का?" तिसरी, "अमळनेरला पाठवता का?" चौदापैकी एकीनेही आजोबांचं नाव काढलं नव्हतं.

नियमाने मी ती जाहिरात उडवायला हवी होती. सरांनी विचारलंही, ती काढली का नाहीस म्हणून. मी काहीतरी तांत्रिक कारण सांगितलं. खरं कारण असं, की माझ्या लेखाखाली चौदा हा आकडा पुन्हा कधी दिसेल ह्याची मला खात्री नव्हती. ती जाहिरात अजून तिथेच आहे.

*

मग 'स्पष्टवक्ता पाटील' नावाचा एक प्राणी उगवला. त्याने माझ्या लेखाखाली लिहिलं की झोपेच्या गोळ्या बंद केल्या, आता तुमचा लेख वाचतो. मी ती उडवली. त्याने दुसरी टाकली. तीही उडवली. तो काही ऐकेना. शेवटी मी वैतागून बंदी असलेल्या शब्दांच्या यादीत 'पाटील' टाकून दिलं. विषय संपला म्हणालो आणि निवांत जेवलो.

खान्देशी माणसांच्या ब्लॉगवर पाटलांना बंदी!

आठ दिवस ब्लॉगवर चिटपाखरू नाही. दिल्यालासुद्धा जेमतेम पाच-सहा. मला वाटलं, उतरला ह्याचा भाव. काय गोड गेला तो आठवडा. मग सरांचा फोन आला, अरुण, लोक विचारतायत ब्लॉग बंद पडला का. तेव्हा ट्यूब पेटली. यादीतून नाव काढलं, डब्यातून एकेक पाटील शोधून बाहेर काढला. त्यात एक संगीता पाटील होती. माझीच बायको. मी खुलून गेलो. उघडून पाहिलं तर कमेंट दिल्याच्या लेखावर होती. "भाऊजी, हसून हसून पोट दुखलं."

सरांचा फोन ठेवल्याबरोबर, यादीला हात लावण्याआधीच, लोकांची माफी मागावी म्हणून मी सरांच्या लेखाखाली एक निवेदन टाकलं होतं, तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व. ते कोणालाच दिसलं नव्हतं. तेही डब्यातच निघालं. खाली सही होती ना, अरुण पाटील.

*

आता मेधाताई. हे सांगताना अजून कान गरम होतात.

संगीताच्या त्या पोट दुखण्यानंतर माझं डोकं सटकलं. मी एक नवीन मेल उघडला आणि 'सौ. मेधा, पुणे' ह्या नावाने माझ्याच लेखाखाली कमेंट लिहिली, आपले लेखन अंतर्मुख करते. मीच लिहिली, मीच पास केली. दोन मिनिटं बरं वाटलं.

दिल्याने लगेच खाली लिहिलं, "राम राम ताई. माहेर कोणतं?"

आमच्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच असतो. गाव कोणतं, कोणाची तू, मामा कुठले. त्याशिवाय पुढची गोष्टच निघत नाही. दिल्याच्या साठ कमेंटचं गुपितही तेच. त्याच्या लेखाखाली लेखाबद्दल कोणी बोलतच नाही, सगळे एकमेकांची नाती जोडत बसतात. आता मेधाताईंनी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसली तर उद्धट दिसेल म्हणून मी तिच्या नावाने लिहिलं, चाळीसगाव.

संपलं. चाळीसगावात कुठे? स्टेशनजवळ. कोणाच्या घरातली? मी एक आडनाव ठोकून दिलं. तर नंदुरबारच्या एका बाईंना साक्षात्कार झाला, "अगं म्हणजे तू आमच्या आक्काच्या नणंदेची मेधा! लग्नात निळा शालू नेसलेली!" दुसऱ्या दिवशी मेधाला एका साखरपुड्याचं आमंत्रण आलं. तिसऱ्या दिवशी कोणी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. चार दिवसांत त्या लेखाखाली एकोणीस कमेंट, सगळ्या मेधाला. लेखकाला एक नाही. मी जिला जन्माला घातली त्या बाईवर मी जळत होतो, ह्यापुढे माणसाने कुठे जावं?

शेवटी मी तिला मुलाकडे अमेरिकेला पाठवून दिलं आणि लिहिलं की तिथे नेट नसल्याने आता बोलणं होणार नाही.

संध्याकाळी संगीता भाजी निवडता निवडता म्हणाली, "अमेरिकेत नेट नाही होय?"

मी पेपरात डोकं घातलं.

"आणि 'अंतर्मुख' म्हणणारं आपल्या गल्लीत दुसरं कोणी नाही," ती म्हणाली. तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला हा किस्सा ऐकावा लागतो.

*

आता हा किस्सा मी कोणाला सांगत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचा कळणार नाही.

मी एक लेख लिहिला, सुरतेतला माझा पहिला दिवस. चांगला जमला होता. उधन्यात उतरलो, लूमचा खडखडाट कानी पडला आणि त्या नादात माझ्या मनात निर्धार उभा राहिला, वगैरे. टाकला आणि वाट बघत बसलो. पहिली कमेंट दिल्याची आली. त्याने अहिराणीत सगळं मांडलं होतं. निर्धार कसला, हा खडखडाटाला घाबरून रडत होता, गावी परत जातो म्हणत होता. मग मी गादी उसवून कापूस काढला आणि ह्याच्या दोन्ही कानांत कोंबला, तेव्हा झोपला. सकाळी कापूस काढायचा विसरला आणि कामावर शेठ काय म्हणतात ते ह्याला ऐकूच येईना, नुसता हां हां करत होता.

शब्दन् शब्द खरा होता, राग त्याचाच आला. लेखातल्या माझ्या निर्धाराला कोणी विचारणार नव्हतं. लोक ह्या कापसावर तुटून पडणार, साठ-सत्तर कमेंट, माझ्याच लेखाखाली, पुन्हा दिल्याला. मी स्पॅमचं बटण दाबलं. विचार केला नाही असं नाही. केला आणि दाबलं.

त्यानंतर दिल्या माझ्या लेखाखाली कधी दिसला नाही. स्वतःच्या लेखाखाली मात्र रोज हजर, सगळ्यांना राम राम. मी म्हटलं, बघा, मोठा लेखक झाला. आता आमच्याकडे कशाला येईल? रविवारी नाक्यावर लोचो खायला भेटायचो, तो इकडचं तिकडचं बोलायचा, पण माझ्या लेखाचं नाव काढायचा नाही. मीही काढायचो नाही. दोन वर्षं हे असं चाललं. मनाला फार लागायचं ते. साठ-सत्तर परक्यांच्या कमेंट नसल्या तरी चाललं असतं, पण ह्याची एक नाही? गादी उसवून कापूस देणारा माणूस, त्याला दोन ओळी लिहायला होत नाहीत?

*

यंदा श्रावणात आमच्या कानबाईच्या सणाआधी सरांनी जाहीर केलं की इथल्या खान्देशी मंडळातर्फे ब्लॉगवरच्या लेखांचं पुस्तक छापायचं. लहानसंच, पण खरं, कागदाचं. ज्याच्या लेखांना जास्त वाचकांच्या कमेंट, त्याचा लेख पहिल्या पानावर. सरांनी स्वतःला स्पर्धेतून काढून घेतलं, म्हणजे उरलो दोघं. माझ्या आईला गावी दाखवायला मला ते पहिलं पान हवं होतं. इतकं हवं होतं की जेवण जाईना.

सर म्हणाले, स्पॅमच्या डब्यात अडकलेल्याही मोज, कोणावर अन्याय नको. मी घरी येऊन डबा उपसायला बसलो. पाटलांच्या गोंधळानंतर तो कोणी उघडलाच नव्हता. औषधं, कर्ज, लॉटरी, टाकीवाला, पुन्हा औषधं. आणि मधेच, दिलीप महाजन. माझ्या लेखावर. थोडं खाली गेलो, दिलीप महाजन. आणखी खाली, पुन्हा तोच.

मी एक बटण दाबलं होतं, मशीनने त्यावरून त्याचं पुढचं सगळंच कचऱ्यात टाकायला घेतलं होतं. स्वतःच्या लेखाखाली लेखकाला मशीन अडवत नाही, म्हणून तो तिथे दिसायचा. त्या दिवसापासून मी चौतीस लेख लिहिले होते. डब्यात त्याच्या चौतीस कमेंट होत्या.

कापसाच्या लेखानंतरच्या लेखावर एवढंच होतं, "कानमा कापूस शे का आजून?" विहिरीवरच्या लेखावर त्याने लिहिलं होतं की विहीर बरोबर, पण कडुलिंब तू डावीकडे लावलास, तो उजवीकडे. बाबा गेले त्यावरच्या लेखाखाली थट्टा नव्हती. सुरतेला निघताना त्याच्या पायात चप्पल नव्हती, ती माझ्या बाबांनी घेऊन दिली होती आणि अरुणला सांगू नको म्हणाले होते, असं त्याने लिहिलं होतं. मला हे कधीच माहीत नव्हतं.

सगळ्यात शेवटची कमेंट दोन ओळींची होती. "तू मनी कमेंट छापस नही, हाई माले समजनं. तरीबी मी लिखस. पास करासाठे तुले वाचनीच पडस ना? बस व्हयनं."

म्हणजे त्याला वाटत होतं की मी सगळ्या वाचतो आणि मुद्दाम अडवतो. आणि तरीही तो लिहीत होता. मॉडरेटरला वाचावंच लागतं, एवढ्या भरवशावर. हजीऱ्याच्या बसमध्ये बसून, अंगठ्याने, चौतीस वेळा. मी खुर्चीत बसून राहिलो. संगीताने दोनदा जेवायला बोलावलं, मला उठवेना.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, सर, चौतीस सापडल्या. सर म्हणाले, वा! मग म्हणाले, एकाच माणसाच्या? मग त्या एकच धरायच्या.

*

कानबाईनंतरच्या रविवारी मंडळाचं वरण-बट्टीचं जेवण होतं, तिथे पुस्तक वाटलं. पहिल्या पानावर दिल्याचा लेख. माझा नवव्या पानावर, पहिल्या दिवसाचाच, निर्धारासकट. सरांची कल्पना अशी होती की प्रत्येक लेखाखाली एका वाचकाची कमेंट छापायची, आणि ती लेखकानेच निवडून द्यायची. माझी मी दिली होती.

थोड्या वेळाने माणसं नववं पान उघडून माझ्याकडे यायला लागली. एक, दोन, मग चार-पाच. मी सदऱ्याची बाही नीट केली. ज्यांना मी निळ्या शालूतल्या मेधावरून ओळखत होतो त्या नंदुरबारच्या बाई सगळ्यांत पुढे. म्हणाल्या, "भाऊ, लेख काय वाचला नाही अजून. पण ही खालची दोन ओळींची, ही कोणी लिहिली हो?"

"दिल्यानं," मी म्हणालो. "मला दुसरं कोण लिहितंय."

दिल्या खांबाशी एकटा उभा होता. पहिल्या पानावर स्वतःचं नाव असताना हा माणूस नववं पान उघडून वाचत होता. मी ताटात दोन बट्ट्या आणि तुपाची वाटी घेऊन त्याच्यापाशी गेलो. त्याने पुस्तक मिटलं, एक बट्टी उचलली, कुस्करली, आणि तिच्याकडेच बघत विचारलं,

"सगळ्या वाच्यात ना तू?"

"सगळ्या."

"पहिलीपाईन?"

"पहिलीपासून," मी म्हणालो आणि त्याच्या कुस्करलेल्या बट्टीवर तूप वाढलं.